मुलं, व्हीआर हेडसेट आणि माझी एक चूक



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या एकलहरे परिसरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. "मॅडम, गुरुवारी तासभर शाळेत याल का? एक कंपनी मुलांना व्हीआरवर शिकवायचं प्रात्यक्षिक दाखवणार आहे. काही पालक म्हणतात डोळे जातील, काही म्हणतात ताबडतोब घ्या. नागपूरकडे तर अंगणवाडीतसुद्धा दिलेत म्हणे. तुम्ही डॉक्टर म्हणून बघा आणि सांगा, घ्यावं की नाही."

त्या म्हणत होत्या ते खरं होतं. जुलै २०२५ मध्ये नागपूरजवळच्या वडधामना गावात देशातली पहिली एआय अंगणवाडी म्हणून गाजलेली अंगणवाडी सुरू झाली. तिथे स्मार्ट बोर्ड आणि टॅबलेटच्या जोडीला व्हीआर हेडसेटही आहेत. ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्याकडे सगळ्यांनी वाचली होती. आपली मुलं मागे राहू नयेत, ही धास्ती प्रत्येक आईबापाला असते. आमच्याकडे बरेच पालक औष्णिक वीज केंद्रात कंत्राटावर काम करतात. त्यांच्यासाठी महिन्याला वाढणारी फी ही लहान गोष्ट नाही. म्हणून मी जायचं ठरवलं.

तो तास मी अजून विसरलेले नाही. त्या दिवशी हेडसेटबद्दल मी बरंच शिकले आणि माझी स्वतःची एक चूकही माझ्यासमोर आली. दोन्ही गोष्टी तुम्हाला सांगते.

आधी मी स्वतः घातला

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, मराठीत आभासी वास्तव. पोहायच्या मोठ्या गॉगलसारखा एक डबा डोळ्यांवर बांधतात. त्यात दोन भिंगं असतात आणि प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं चित्र दिसतं. मेंदू ती दोन चित्रं जुळवतो आणि खोली तयार होते. तुम्ही मान वळवली की चित्रही वळतं. त्यामुळे आपण पडदा बघतोय हे विसरायला होतं आणि आपण 'तिथे' आहोत असं वाटू लागतं. कल्पना नवी नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच डोक्यावर बसवायचा असा पडदा करून दाखवला होता. आता तो स्वस्त झाला आणि वर्गापर्यंत आला, एवढंच.

माझा चष्मा आणि अंबाडा सांभाळत कंपनीच्या मुलाने तो डबा माझ्या डोक्यावर बसवला. धडा हृदयाचा होता. मी डाव्या कर्णिकेत उभी होते. समोर मायट्रल व्हॉल्व्हची दारं उघडत होती, मिटत होती. तीस वर्षं मी ज्याचा आवाज स्टेथोस्कोपमधून ऐकतेय, ते दार पहिल्यांदा आतून पाहिलं. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. एमबीबीएसला असताना मी हे फॉर्मालिनच्या वासात, करड्या पडलेल्या हृदयावर शिकले होते. ही सोय तेव्हा असती तर, असं वाटून गेलं.

या तंत्राची ताकद वैद्यकशास्त्राने फार आधी ओळखली आहे. भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग बदलणं ही अतिशय वेदनादायक गोष्ट असते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचं बर्फाळ जग तयार केलं. ड्रेसिंग चालू असताना रुग्ण त्या जगात बर्फाचे गोळे फेकत असतो आणि त्याला वेदना कमी जाणवते. विचार करा, जे साधन भाजलेल्या कातडीवरून लक्ष उडवू शकतं, ते किती जोरदार असेल! आणि जोरदार औषधाबद्दल आम्ही डॉक्टर नेहमी चार प्रश्न विचारतो. कोणाला, कशासाठी, किती, आणि त्रास झाला तर काय?

मग मुलांची पाळी आली

तिसरी ते सातवीची मुलं होती. पहिल्या दहा मिनिटांत नुसता कल्ला. कोणी तांबड्या पेशी पकडायला हवेत हात मारतोय, कोणी बाकावरून उठून धडपडतोय. तेवढ्यात पाचवीतला एक मुलगा पांढरा पडला, त्याला घाम फुटला आणि हेडसेट काढेपर्यंत त्याला उलटी झाली.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. सप्तशृंगी गडाच्या घाटात मुलांना गाडी लागते, त्यातलाच हा प्रकार. आपला तोल आतल्या कानातली एक यंत्रणा सांभाळते. घाटात मूल मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं, की कान म्हणतो आपण वळतोय आणि डोळा म्हणतो आपण स्थिर आहोत. हेडसेटमध्ये हेच उलटं होतं. डोळा म्हणतो मी रक्तवाहिनीतून सुसाट चाललोय, कान म्हणतो मी बाकावर बसलोय. दोघांचं भांडण मेंदूला झेपत नाही आणि पोट ढवळतं. ज्या मुलांना गाडी लागते, त्यांना हेडसेटही लागण्याची शक्यता जास्त. त्या मुलाला मोकळ्या हवेत बसवलं, घोट घोट पाणी दिलं. अर्ध्या तासात तो ठणठणीत झाला.

दुसरं भांडण डोळ्यांच्या आतलं. आत्ता एक बोट डोळ्यांसमोर धरा आणि हळूहळू नाकाजवळ आणा. दोन गोष्टी एकदम घडतात. दोन्ही बुबुळं आत वळतात आणि डोळ्यातलं भिंग जवळचं बघण्यासाठी जाड होतं. जन्मापासून या दोन क्रिया हातात हात घालून चालतात. हेडसेटमध्ये वस्तू जवळ आल्यासारखी दिसते तेव्हा बुबुळं आत वळतात, पण भिंगांमुळे चित्राचं अंतर मात्र ठरलेलंच राहतं. जोडीतल्या एकाने चालायचं आणि दुसऱ्याने थांबायचं. त्यातून डोळे जड होणं, कपाळ दुखणं, काढल्यावर थोडा वेळ धूसर दिसणं असे त्रास होतात.

'डोळे जातील का?' या पालकांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की थोड्या वापराने डोळे गेल्याचा पुरावा नाही. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात ८ ते १२ वर्षांच्या २० मुलांना २० मिनिटं व्हीआर खेळ देऊन तपासलं होतं. नजरेत गंभीर बिघाड कोणाच्याच आढळला नाही. पण दोघांची खोली ओळखण्याची क्षमता आणि एकाचा तोल खेळानंतर लगेच बिघडलेला होता. म्हणून हेडसेट काढल्या काढल्या मुलाला सायकलवर बसवू नका, जिन्यावरून पळू देऊ नका.

डावी काच

उलटी झालेल्या मुलाकडे माझं लक्ष असताना मागे काहीतरी गडबड चालली होती. हेडसेट नीट बसलाय का हे बघायला कंपनीचा मुलगा प्रत्येकाला सांगत होता, "एक डोळा मिट, काच स्वच्छ दिसते का सांग. आता दुसरा मिट." तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, डावी काच खराब आहे." त्याने पुसून दिली. "अजून तसंच दिसतंय." त्याने दुसरा हेडसेट दिला. तीही म्हणाली, "याची पण डावीच काच खराब आहे."

तो वैतागला. बाकीची मुलं हसली. माझ्या मात्र पोटात गोळा आला. दोन वेगवेगळ्या हेडसेटची डावीच काच कशी खराब असेल?

तिला बाजूला घेतलं. उजव्या डोळ्यावर माझा तळहात ठेवला आणि फळ्यावरची तारीख वाचायला सांगितली. तिला ती वाचता येईना. ती गोंधळून म्हणाली, "मॅडम, तुम्ही हात काढा ना, मग दिसेल."

त्या मुलीला मी ओळखत होते. वर्षभरापूर्वी या शाळेत नाव घालताना फिटनेसचा दाखला मीच दिला होता. उंची, वजन, जीभ, घसा, छाती, पोट, सगळं तपासलं होतं. डोळ्यांसाठी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं होतं, दोन्ही डोळे उघडे ठेवून. ओपीडीत गर्दी होती. तिने तारखा धडाधड वाचल्या आणि मी 'नजर सामान्य' लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तक्त्यावर मोजलं. उजवा डोळा ६/६. डावा ६/२४, म्हणजे निरोगी डोळ्याला २४ मीटरवरून जे दिसतं ते वाचायला तिला ६ मीटरवर यावं लागत होतं. नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांनी बुबुळ मोठं करायचं औषध घालून तपासलं आणि निदान पक्कं झालं, अ‍ॅम्ब्लिओपिया. बोलीभाषेत आळशी डोळा.

नाव ऐकून गैरसमज होतो. डोळा आळशी नसतो. तिच्या डाव्या डोळ्याला जन्मापासून मोठा प्लस नंबर होता, उजव्याला नव्हता. मेंदूकडे रोज दोन चित्रं जात होती, एक स्वच्छ आणि एक पुसट. मेंदूने पुसट चित्राकडे हळूहळू दुर्लक्ष करायला सुरुवात केली. आपल्या मेंदूतली बघण्याची यंत्रणा साधारण सात-आठ वर्षांपर्यंत घडत असते. त्या काळात एका डोळ्याचा वापरच झाला नाही, तर पुढे चष्मा लावूनही नजर पूर्ण येत नाही. तिरळेपणा नसेल तर आईवडिलांना हे ओळखूच येत नाही, कारण मूल एका डोळ्याने व्यवस्थित वाचतं, खेळतं, पहिला नंबर काढतं. मूल स्वतः तक्रार करत नाही. सगळ्यांना असंच दिसतं, असं त्याला वाटतं.

तिच्या आईने विचारलं, "मॅडम, मोबाइलमुळे झालं का हो?" मी म्हटलं, "नाही. मोबाइलमुळे नाही आणि त्या हेडसेटमुळेही नाही. हे आधीपासून होतं. मी गेल्या वर्षी बघायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं." हे वाक्य बोलायला जड गेलं. पण ते बोलल्याशिवाय मला पुढचा कोणताही सल्ला द्यायचा अधिकार नव्हता.

वयाचा प्रश्न

त्या दिवशी निघताना मी हेडसेटच्या खोक्यातलं माहितीपत्रक मागून घेतलं. त्यात दहा वर्षांखालील मुलांनी वापरू नये असं छापलेलं होतं. तिसरीची मुलं आठ वर्षांची असतात. हे कोणीच वाचलेलं नव्हतं.

मोठ्या कंपन्यांचे नियम बघा. मेटा कंपनीच्या हेडसेटसाठी आधी किमान वय १३ होतं. २०२३ मध्ये त्यांनी ते १० वर आणलं, तेही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासह. सोनीच्या व्हीआरसाठी वय १२ आहे. या कंपन्यांना माल खपवायचाच असतो. तरीही त्या स्वतः ही मर्यादा घालतात, याचा अर्थ समजून घ्यायला हवा.

कारणं साधी आहेत. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण ६० ते ६५ मिलिमीटर असतं. सहा वर्षांच्या मुलात ते पन्नाशीच्या आसपास. हेडसेटची भिंगं मोठ्यांच्या मापाची, म्हणजे लहान मूल भिंगाच्या मधून न बघता कडेने बघतं. हेडसेटचं वजन अर्धा किलोच्या आसपास असतं आणि ते सगळं पुढे लोंबतं. वीस किलोच्या मुलाच्या मानेला ते बरंच आहे. आणि बघण्याची यंत्रणा घडण्याचं वय, ज्याबद्दल वर सांगितलं, ते हेच.

आणखी एक मुद्दा मनाचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातला २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. प्राथमिक शाळेतल्या काही मुलांना हेडसेटमध्ये स्वतःलाच देवमाशांबरोबर पोहताना दाखवलं. काही दिवसांनी विचारलं, तेव्हा त्यांतल्या अनेकांना आपण खरोखरच तसे पोहलो होतो असं वाटत होतं. मोठ्या माणसाला 'हे खोटं आहे' ही जाण धरून ठेवता येते. लहान मुलाला ती सुटते.

मग लहान मुलांना कधीच द्यायचं नाही का? इथे एक गंमत आहे. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये 'ल्युमिनोपिया' नावाच्या उपचाराला परवानगी दिली. तो आळशी डोळ्यावरचा उपचार आहे, तेव्हा परवानगी चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी होती, आणि तो व्हीआर हेडसेटमधूनच देतात! मूल कार्टून बघतं, पण दोन डोळ्यांना वेगळं चित्र दाखवून दुबळ्या डोळ्याला कामाला लावलं जातं. दिवसाला एक तास, आठवड्यातून सहा दिवस, १२ आठवडे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. तेच यंत्र, तेच कोवळं वय. फरक इतकाच की तिथे निदान आहे, मात्रा आहे, मुदत आहे आणि तपासणारा माणूस आहे.

आणि शिकणं होतं का?

मुख्याध्यापिकांचा खरा प्रश्न हा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या शाखेत पॅरॉंग आणि मेयर या संशोधकांनी २०१८ मध्ये याचं उत्तर शोधलं. कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी रक्तप्रवाहाचा आणि पेशीचा धडा हेडसेटमध्ये दाखवला, काहींना साध्या स्लाइडवर. हेडसेटवाल्यांना मजा जास्त आली. परीक्षेत मात्र स्लाइडवाल्यांनी चांगली उत्तरं लिहिली. पुढे त्यांनी हेडसेटचा धडा तुकड्यांत दाखवला आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना थांबवून काय कळलं ते लिहायला लावलं. तेव्हा शिकणं सुधारलं.

याचा अर्थ आपल्या जुन्या गुरुजींना ठाऊक होता. दाखवून काम भागत नाही, 'आता तू सांग' म्हणावं लागतं.

आणि काय दाखवायचं, हेही महत्त्वाचं. त्या दिवशी विजेचाही एक धडा होता. बॉयलर, वाफ, फिरणारं टर्बाइन, जनित्र. सातवीतल्या एका मुलाने हेडसेट काढून विचारलं, "हे आपल्या प्लांटचं आहे का?" नव्हतं. पण त्याचा प्रश्न माझ्या मनात राहिला. आमची मुलं त्या चिमण्यांच्या सावलीत वाढतात. आत २१० मेगावॅटचे संच आहेत, बाप तिथे पाळीवर जातो, पण गेटच्या आत मुलांना प्रवेश नाही आणि सुरक्षेसाठी तो नसावाही. अशा ठिकाणी हेडसेट कामाचा. धगधगता बॉयलर, हृदयाची झडप, चंद्राची जमीन. जिथे मूल जाऊ शकत नाही, तिथे त्याला न्यावं.

पण गोदावरी, पाखरं, कांद्याची रोपं बघायला हेडसेट लागत नाही. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य निफाड तालुक्यात, एसटीच्या अंतरावर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा त्यांची साधनं होती शिंपले, पानं, बिया, खडे. गुरं चारायला जाणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. तीन ते सहा वर्षांचं मूल हाताने, तोंडाने, पायाने शिकतं. शिवाय मोकळ्या उजेडात खेळण्याने चष्मा लागण्याचा धोका कमी होतो, हे आता संशोधनानेही दाखवलं आहे. त्या वयाला शिंपला द्या. डबा नंतर द्या.

मी शाळेला लिहून दिलेल्या सूचना

१. दहा वर्षांखाली नको. पाचवीपासून पुढे, तेही पालकांच्या लेखी संमतीने.

२. एका वेळी पाच ते दहा मिनिटं. मळमळ, डोकेदुखी, घाम यांपैकी काहीही वाटलं की लगेच काढायचा. 'थोडं सहन कर' म्हणायचं नाही.

३. खाली बसूनच वापरायचा. आजूबाजूला मोकळी जागा हवी. काढल्यावर दहा मिनिटं वर्गातच बसवायचं.

४. फिट येणारी किंवा आधी कधी आलेली, तिरळेपणा असलेली, डोळ्यांचं किंवा कानाचं ऑपरेशन झालेली मुलं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरणार नाहीत. ताप-सर्दी असेल त्या दिवशीही नको.

५. प्रत्येक मुलानंतर चेहऱ्याला टेकणारा भाग जंतुनाशकाने पुसायचा किंवा त्याचं आवरण बदलायचं. एकच फडकं सगळ्यांना नको. २०२३ च्या पावसाळ्यातली डोळे येण्याची साथ आठवा. उवा, खरूज, नायटा यांचंही भान ठेवा.

६. आधी फळ्यावर धडा, मग हेडसेट, मग वहीत दोन ओळी. मधलं एकटं चालणार नाही.

७. हेडसेट चालू असताना एक शिक्षक फक्त मुलांकडे बघत उभा राहील. पडद्याकडे नाही.

८. आणि वर्षातून एकदा प्रत्येक मुलाचा एकेक डोळा झाकून नजर तपासायची. त्यासाठी भिंतीवर तक्ता, सहा मीटर जागा आणि एक तळहात पुरतो.

ही आठवी सूचना तुम्ही घरीही आज करू शकता. चार वर्षांपुढच्या मुलाला खेळ म्हणून एक डोळा झाकायला लावा आणि समोरच्या भिंतीवरचं काहीतरी ओळखायला सांगा. मग दुसरा डोळा. मूल एक डोळा झाकताना सहज तयार होतं आणि दुसरा झाकताना रडतं, हात ढकलतं, डोकावून बघतं? तर वाट बघू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा. घरी सगळं ठीक वाटलं तरी शाळेत जाण्याआधी एकदा नीट तपासणी करून घ्याच.

शाळेने शेवटी भाड्याने चारच हेडसेट घेतले, पाचवी ते सातवीसाठी, पंधरा दिवसांतून एकदा. फी वाढवली नाही. आणि वऱ्हांड्यात नजरेचा तक्ता लागला. पहिल्या आठवड्यात आणखी दोन मुलांना चष्म्याचा नंबर निघाला.

ती मुलगी आता चष्मा लावते. रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून गृहपाठ करते, चित्रं रंगवते. सुरुवातीला फार चिडायची, पट्टी काढून फेकायची. आईने पट्टीवर रोज एक टिकली लावायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ती तयार झाली. गेल्या आठवड्यात तपासलं, डावा डोळा ६/१२ झालाय. अजून वाट चालायची आहे. तिला मी विचारलं, "पाचवीत गेलीस की हेडसेट घालशील का?" ती म्हणाली, "हो, पण आधी दोन्ही काचा बघून घेईन."

आणि मी? दाखल्यावर सही करण्याआधी आता प्रत्येक मुलाचा एकेक डोळा माझ्या हाताने झाकते. रांग कितीही मोठी असली तरी.